हिरव्या पाण्याचा हिशेब



एका वैशाखात औसा तालुक्यातील एका शेततळ्यावर गेलो होतो. पाणी गुडघाभर उरलेले आणि वर हिरवी साय. घरची माउली म्हशीचे दावे धरून उभी होती. "साहेब, ह्ये पाणी पाजावं का?" एवढेच तिने विचारले. आज त्याचेच उत्तर सविस्तर देतो.

ही साय म्हणजे सूक्ष्म शेवाळाची गर्दी. आपल्या ज्वारीप्रमाणे शेवाळही उन्हात कर्बवायू घेऊन अन्न तयार करते. पाणी आटलेले, ऊन कडक, त्यात शेजारच्या वावरातून वाहून आलेले खत; मग ते भराभर वाढते. दुपारपर्यंत पाण्यातला मोकळा कर्बवायू जवळजवळ संपतो आणि पाण्याचा सामू चढतो. उरलेला कर्ब खाण्याच्या सोड्यासारख्या विरघळलेल्या रूपात असतो. निळे-हिरवे शेवाळ तो आत ओढण्यात पटाईत. पेशीत नेऊन त्याचा पुन्हा कर्बवायू करते व त्यावर जगते. म्हणून तंगीच्या दिवसांत त्याचेच फावते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर पाहा. पाणी खारट, सामू दहाच्या आसपास. तरी त्यात स्पिरुलिना हे निळे-हिरवे शेवाळ वाढते, ते याच युक्तीवर. स्पिरुलिना स्वच्छ हौदात वाढवून माणसे खातातही. पण म्हणून आपल्या तळ्यातली साय निर्धोक समजू नये. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात. ते जनावराच्या यकृतावर किंवा मज्जातंतूंवर घाला घालते. साय विषारी की साधी, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही.

तेव्हा एवढे करावे :

१. साय धरलेल्या तळ्याला काटेरी कुंपण करून जनावरे दूर ठेवावीत.
२. खताचे व गोठ्याचे पाणी बांध घालून बाहेर वळवावे.
३. साय आल्यावर मोरचूद टाकून ते पाणी लगेच पाजू नये. शेवाळ मेले की विष पाण्यात उतरते.
४. पाणी उकळले तरी हे विष जात नाही. ते घरात वापरू नये.
५. पाणी प्यालेले जनावर लाळ गाळू लागले, झोकांड्या देऊ लागले, तर तडक पशुवैद्यकांना बोलवावे.

त्या माउलीने दावे वळवले आणि म्हैस शेजाऱ्याच्या बोअरवर नेली. चार पावले जास्त पडली, पण दुभते जनावर दावणीला राहिले.