"प्रवास स्वतःच्या जोखमीवर": तिकिटावरील एका अटीचा इतिहास

१/ नागपूर, १२ डिसेंबर १९५३. मद्रासकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे डकोटा विमान रात्रीच्या काळोखात उड्डाण करताच कोसळले. केवळ वैमानिक वाचला. विमान कंपन्या, तिकीट एजंट आणि ग्राहक कायदा यांच्यातील आजचा वाद समजून घ्यायचा, तर या रात्रीपासून आरंभ करावा लागतो. #धागा

२/ त्या काळी नागपूर हे रात्रीच्या हवाई टपालाचे केंद्र होते. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री येथे एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि परतत. त्यांतून प्रवासीही जात. आम्हा बल्लारपूरकरांसाठी विमानतळ म्हणजे आजही नागपूरच.

३/ एका मृत प्रवाशाच्या पत्नीने भरपाईचा दावा लावला. प्रकरण अपिलात कलकत्ता उच्च न्यायालयापुढे गेले. महामंडळाचा बचाव साधा होता: प्रवासी स्वतःच्या जोखमीवर प्रवास करतो, आमच्या निष्काळजीपणालाही आम्ही उत्तरदायी नाही, असे तिकिटाच्या अटींतच लिहिले आहे.

४/ न्यायालयाने ती अट वैध ठरवली. वॉर्सा करारावर आधारलेला १९३४ चा कायदा आंतरराष्ट्रीय प्रवासापुरता होता. देशांतर्गत प्रवाशासाठी तसा कायदाच नव्हता. म्हणून उरला तो करार, आणि तो एकाच पक्षाने लिहिलेला. पुढे १९७२ च्या कायद्यामुळे देशांतर्गत प्रवासालाही दायित्वाचे नियम लागू करण्याची वाट मोकळी झाली.

५/ इकडे महाराष्ट्रात १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ च्या नव्या कायद्याने 'अनुचित करार' ही संकल्पना स्वीकारली: एकतर्फी, ग्राहकावर अवाजवी भार टाकणारी अट आता आव्हानित करता येते. नागपूरच्या त्या प्रकरणाला मिळालेले हे उशिराचे उत्तर आहे, असे मी मानतो.

६/ आता प्रवास व्यवसायाचे म्हणणे ऐकू. विमान कंपन्या म्हणतात: परतावा नाही म्हणूनच तिकीट स्वस्त आहे, नियम वाढवाल तर भाडे वाढेल. युक्तिवादात तथ्य आहे. परंतु तो प्रवाशाने तिकीट रद्द केले तरच लागू पडतो. उड्डाण कंपनीनेच रद्द केले, तर स्वस्ताईची सबब कशी चालेल?

७/ एजंटांचे गाऱ्हाणे निराळे आणि अधिक खरे आहे. गेल्या वर्षी माझ्या काकांचे उड्डाण कंपनीने रद्द केले. तिकीट बल्लारपुरातील एका लहान एजंटकडून काढलेले. काका रोज त्याच्या दुकानी जात. पैसे कंपनीकडे अडकलेले, बोलणी मात्र त्याला. अखेर त्याने निम्मी रक्कम पदरची दिली.

८/ वस्तुतः विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम स्पष्ट आहे: एजंट हे कंपनीचे नियुक्त प्रतिनिधी, म्हणून परताव्याची जबाबदारी कंपनीची. टाळेबंदीतील तिकिटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी तोच क्रम घालून दिला: कंपनीने एजंटाला त्वरित द्यावे, एजंटाने प्रवाशाला त्वरित द्यावे. मोठ्या संकेतस्थळांकडेही त्यानंतर वर्षानुवर्षे परतावे थकले, हेही विसरू नये.

९/ आणि कंपनीच बुडाली तर? एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. न झालेल्या प्रवासाचे पैसे आगाऊ भरलेले प्रवासी आणि एजंट दोघेही धनकोंच्या रांगेत उभे राहिले. तिकिटावरील ती जुनी ओळ पुसली गेली असेल. तिचा अर्थ मात्र जिवंत आहे.

१०/ म्हणून माझे मत: ग्राहक नियमांना विरोध करण्यात एजंटांचे हित नाही. उड्डाण होईपर्यंत भाड्याची रक्कम स्वतंत्र खात्यात राहावी, ही मागणी प्रवासी आणि एजंट यांनी मिळून करावी. कंपन्यांची रोकड अडकेल, भाडे थोडे वाढेल, हे मान्य. पण आज ती रोकड प्रवाशाच्या बिनव्याजी उसनवारीतूनच येते.

११/ आमचे बल्लारपूर कागदाचे गाव. विमानाचे कागदी तिकीट २००८ सालीच जवळजवळ नाहीसे झाले. अटी आता पडद्यावर एका खुणेने मान्य होतात. पुढच्या वेळी ती खूण करण्याआधी एवढेच पाहा: जोखीम कोणाच्या नावे लिहिली आहे?