फुकटचा वकील नको, सर!

“सरकारी वकील नको, सर. तो पोलिसांच्याच बाजूचा ना?” अंधेरी कोर्टाबाहेर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी विचारत होती. मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात कोठडीत. कानातलं गहाण टाकून तिने खासगी वकील केला. तो एका तारखेला आला; पुढच्या तारखेला त्याचा फोनच लागेना.

मी भाषा शिकवतो, म्हणून आधी शब्दाचा घोळ निस्तरतो. आपण ज्याला सरकारी वकील म्हणतो, तो आरोपीच्या विरुद्ध उभा राहतो. विधी सेवा प्राधिकरण देतं, तो आरोपीचा वकील. १९८७च्या कायद्याच्या कलम १२नुसार कोठडीतल्या माणसाला तो मोफत मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ही खैरात नाही, हक्क आहे.

पण अम्मीची भीती अगदीच खोटी नाही. मध्य प्रदेशातल्या खांडव्याच्या अनोखीलालसाठी २०१३ मध्ये ज्या दिवशी वकील नेमला, त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. दोन आठवड्यांत फाशी. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं. जन्मठेप-फाशीच्या खटल्यात किमान दहा वर्षं अनुभवाचाच वकील द्या, तयारीला साधारण सात दिवस तरी द्या, असंही बजावलं. तोच अनोखीलाल २०२४ मध्ये निर्दोष सुटला.

२०२२च्या बचाव वकील योजनेतही पायऱ्या आहेत. मुख्य वकिलाला दहा वर्षांचा अनुभव, उपमुख्याला सात, सहायकाला शून्य ते तीन. रिमांड आणि जामिनाचं काम बहुतेक या सहायकाच्याच वाट्याला. माझा आक्षेप इथे आहे. दिंडोशीच्या सेशन्स कोर्टातला निकाल फार नंतरचा. गरिबाची नोकरी जाते, पोरांची फी थकते, ती पहिल्या रिमांडनंतरच.

नवखेपण हा गुन्हा नाही. कुर्ल्याच्या ऑफिसात २०१० मध्ये गोळ्या घातलेल्या शाहिद आझमींच्या वकिलीला दहा वर्षंही झाली नव्हती. पण बी.एड.च्या सराव पाठालासुद्धा मागच्या बाकावर प्राध्यापक वही घेऊन बसतात. आमचा पाठ फसला तर एक तास वाया जातो. इथे फसला तर पोरगा आत राहतो. मग नव्या वकिलाच्या पाठीशी जाणता वकील का नको?

आणि आपणही दागिने मोडण्याआधी मॅजिस्ट्रेटसमोर तोंड उघडून सांगावं: मला मोफत वकील हवा, आणि त्याला माझ्याशी बोलायला वेळ हवा.