'तेसिस' : चेहऱ्यांची अदलाबदल

आलेहान्द्रो आमेनाबार यांच्या 'तेसिस' (१९९६) या स्पॅनिश थरारपटाने माद्रिदच्या कोम्प्लुतेन्से विद्यापीठातील विद्यार्थिजगताचे रूढ साचे मोडले, असे त्याचे समर्थक म्हणतात. आधार एवढाच : हिंसक चित्रफिती जमवणारा, गबाळा, एकलकोंडा चेमा निर्दोष ठरतो आणि देखणा, सुखवस्तू बोस्को खुनी निघतो. याला साचा मोडणे म्हणता येत नाही. चेहऱ्यामोहऱ्यावरून माणसाचा सामाजिक गट आणि गटावरून त्याचे चारित्र्य वाचावे, हा संकेत येथे अबाधितच आहे. फक्त अधिक-उणे चिन्हांची अदलाबदल झाली आहे. किंबहुना प्रेक्षकाने रूढ वाचन केल्याशिवाय हे रहस्य उभेच राहत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न बळी पडलेल्या तरुणींचा. व्हानेसाच्या वाट्याला आवाज येतो तो चित्रफितीतल्या किंकाळीचा. बाकी ती इतरांच्या तोंडूनच कळते.

पात्रनिवडीमागील खरा विचार दिसतो तो आंहेलाच्या बाबतीत. व्हिक्टर एरिसे यांच्या १९७३ च्या चित्रपटात टपोऱ्या डोळ्यांनी फ्रँकेन्स्टाइन पाहणारी बालिका आना तोरेन्त. तीच येथे दृक्-श्राव्य हिंसेवर प्रबंध लिहिते आणि ती चित्रफीत प्रथम पडदा काळा करून नुसती ऐकते. पाहण्याची ओढ आणि पाहण्याची भीती या एकाच चेहऱ्यावर एकवटतात. समर्थक मात्र बोस्कोच्या देखणेपणापाशीच अडून बसले आहेत.