श्रम लपवू नका, मर्यादा बदलून घ्या

नवदीक्षित बंधूंनो आणि भगिनींनो,

तहसील कचेरीच्या दारात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभे राहण्याचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर आला आहे. त्या दाखल्यावर लिहिला जाणारा आकडा खरा असतो काय, हा प्रश्न आज आम्ही आपणांस विचारीत आहोत. प्रश्न अप्रिय आहे. तथापि ज्याने चौथे शील ग्रहण करून असत्य न बोलण्याची प्रतिज्ञा केली, त्याला तो टाळता येणार नाही. आणि ज्या शासनाने मर्यादेचा आकडा ठरविला, त्यालाही तो टाळू देता कामा नये.

उदाहरण सेमाडोहचे घेऊ. परतवाड्याहून घाटांगमार्गे धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी, मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात हे चिखलदरा तालुक्यातील गाव वसले आहे. मुलूख कोरकू बांधवांचा. शेती पावसाच्या भरवशाची. खरीप आटोपला की हाताला काम उरत नाही. मग एक तर बिऱ्हाड घेऊन मजुरीसाठी खाली सपाटीवर उतरावयाचे, नाही तर रोजगार हमीच्या कामावर जावयाचे. सपाटीवरील आपल्या भूमिहीन कुटुंबांची स्थिती याहून फार निराळी नाही. हजेरीपटावर कोरकूचे आणि बौद्धाचे नाव एकाखाली एक लिहिले जाते व दोघांच्या डोक्यावरचे घमेले सारख्याच वजनाचे असते. म्हणून सेमाडोहचा हिशेब तो आपलाही हिशेब होय.

रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी मांडली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे ही याचना न राहता तो हक्क ठरला. २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा करून प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये त्या जागी नवा कायदा संमत झाला. त्यात दिवस १२५ केले, पण शेतीच्या ऐन हंगामात ६० दिवसांपर्यंत काम बंद ठेवण्याची मुभाही घातली. महाराष्ट्रात २०२५-२६ सालासाठी या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. १०० दिवसांचे ३१,२०० रुपये झाले.

आता वहीचे दुसरे पान उघडा. पासष्टी ओलांडलेल्या वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. विधवा, अपंग, दुर्धर रोगाने पीडित अशा निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ साली या योजनांचे मासिक साहाय्य १,५०० रुपये झाले. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे अशा वृद्धांचा प्रश्न वेगळा. परंतु ज्यांचे नाव त्या यादीत कधी चढलेच नाही, त्यांच्यासाठी अट अशी राहिली की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांहून अधिक असू नये. पाच माणसांच्या घरात याचा अर्थ दिवसाला माणशी साडेअकरा रुपये.

धरा, घरात म्हातारी आई, मुलगा, सून व दोन लेकरे आहेत. मुलगा आणि सून दोघे मिळून ६७ दिवस माती उपसतात, तोवर आई शासनाच्या दृष्टीने निराधार असते. ६८ व्या दिवसाची हजेरी पडली की कुटुंबाचे उत्पन्न २१,२१६ रुपये होते आणि आईचा आधार कागदावर उभा राहतो! ज्या शासनाने एका हाताने १०० दिवसांच्या कामाचे वचन दिले, त्याच शासनाने दुसऱ्या हाताने, ते वचन पूर्ण होताच म्हातारीचे १,५०० रुपये काढून घेण्याची तरतूद केली. वर्षाचे ते १८,००० रुपये होतात. उरलेल्या ३२ दिवसांच्या श्रमाने घरात येणार ९,९८४. यापुढे काम करावे की करू नये, हे गणित न शिकलेल्या मजुरालाही कळते.

मर्यादा घालावीच लागते, असे कोणी म्हणेल. आम्ही ते मान्य करतो. परंतु २०२४ साली याच राज्याने लाडक्या बहिणींसाठी तेवढेच १,५०० रुपये देऊ केले, तेव्हा कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेविली. त्या भगिनींचा आम्हांस हेवा नाही. मात्र ती योजना वयाच्या पासष्टीला थांबते. म्हणजे चौसष्ट वर्षांच्या स्त्रीच्या घरात अडीच लाख आले तरी ती साहाय्यास पात्र, आणि सहासष्ट वर्षांच्या तिच्याच थोरल्या बहिणीच्या घरात साडेएकवीस हजार आले की ती अपात्र. मर्यादा ही माणसाने घातलेली रेघ आहे आणि इच्छा असेल तेव्हा ती पुसून दुसरीकडे ओढता येते, हे यावरून सिद्ध होत नाही काय?

घराचा प्रश्न याहून विचित्र आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ पासून घरकुलाचे अनुदान सपाटीवर १,२०,००० व डोंगराळ भागात १,३०,००० रुपये आहे. आपल्यासाठी राज्याची रमाई आवास योजना आहे, आदिवासी बांधवांसाठी शबरी आवास योजना आहे. २०१६-१७ मध्ये रोजगार हमीचा दर १९२ रुपये होता, तो पुढे ३१२ झाला. केंद्राचा घरकुलाचा आकडा मात्र तेथेच राहिला. २०२५ मध्ये राज्याने ५०,००० रुपयांपर्यंतची भर घातली, हे नमूद करणे न्यायाचे होईल. तरी पण सिमेंट, लोखंड, पत्रे घाट चढून सेमाडोहला न्यावयाचे तर वाहतुकीचा भुर्दंड लाभार्थ्यालाच बसतो आणि पंचवीस चौरस मीटरचे ते घर कर्जावाचून क्वचितच पुरे होते. याशिवाय घरकुल बांधताना कुटुंबाच्या अंगमेहनतीबद्दल ९० दिवसांची, डोंगराळ भागात ९५ दिवसांची, रोजगार हमीची मजुरी मिळते. ३१२ च्या दराने ९५ दिवसांचे २९,६४० रुपये! ज्या वर्षी स्वतःच्या हाताने स्वतःचे घर उभारले, त्याच वर्षी त्या घरातील म्हातारी कागदोपत्री मर्यादेबाहेर गेली.

मग काय होते? मजूर खोटे बोलतो. दाखल्यावर वीस हजार लिहिले जातात. लिहिणाऱ्यास ठाऊक असते, सही करणाऱ्यास ठाऊक असते, आणि नंतर वर्षानुवर्षे त्या कुटुंबाच्या मानेवर त्या असत्याची टांगती तलवार राहते. ज्याला त्याला त्याच्यावर दाब टाकता येतो.

बंधूंनो, हा सापळा आपण ओळखत नाही असे नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्याने आपला धर्म बौद्ध असे खरे सांगितले, त्याच्या अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने नाकारल्या. ज्याने कागदावर जुनी जात व जुना धर्म ठेविला, त्याच्या टिकल्या. राज्य शासनाने १९६० पासून नवबौद्धांस सवलती दिल्या, परंतु केंद्राचा कायदा बदलण्यास १९९० साल उजाडावे लागले. त्या चौतीस वर्षांत पोटासाठी जुने नाव लिहिणारी कुटुंबे होती. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु प्रश्न सुटला तो लपवालपवीने नव्हे. ज्यांनी सत्य सांगून हक्क मागितला, त्यांच्या चिकाटीने सुटला.

आता आपल्याच घरातील एका दोषाविषयी लिहिणे प्राप्त आहे. आपल्यातील काही नोकरदार मंडळी अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांत स्थिरावली. गावाकडील भावाला ती म्हणतात, ‘‘अजून माती उपसतोस? बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितले ना?’’ आणि त्याच तोंडाने असेही म्हणतात की अनुदानांमुळे लोक आळशी झाले. ही दोन्ही वाक्ये एकाच अज्ञानातून निघाली आहेत. बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडावयास सांगितले, कारण ते जन्माने गळ्यात बांधलेले काम होते. श्रमाचा तिरस्कार त्यांनी शिकविला नाही. जातिव्यवस्था ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे त्यांनी १९३६ साली दाखवून दिले. १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते, तेव्हा आठ तासांच्या दिवसाचा प्रश्न त्यांनी धसास लाविला आणि एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली त्याचा कायदा झाला. ज्याला श्रमिकाची लाज वाटते, तो त्यांचा वारसा सांगू शकत नाही.

घटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीस बंदी केली. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की भुकेच्या सक्तीने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हीदेखील वेठच होय. आणि १९८३ मध्ये, राजस्थानातील दुष्काळी कामांच्या प्रकरणात, मदतीचे काम म्हणून मजुरी कमी देता येणार नाही असे बजाविले. दुष्काळी कामावरचा मजूर हा दानपात्र नसून कामगार आहे, हा त्याचा इत्यर्थ.

तेव्हा आपण काय करावे? आपली एकही हजेरी लपवू नका. जॉब कार्डावर प्रत्येक दिवसाची नोंद करून घ्या व कामाच्या अर्जाची तारीखवार पोच मागा. ग्रामसभेत ठराव मांडा की रोजगार हमीची मजुरी वृद्ध व निराधारांच्या उत्पन्न-मर्यादेत धरू नये, किंवा ती मर्यादा निदान हमीच्या पूर्ण दिवसांच्या मजुरीइतकी तरी असावी व मजुरीचा दर वाढेल तशी वाढावी. मेळघाट हा अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेस दारिद्र्य निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी ठरविण्याचा अधिकार दिला आहे. तेथे कोरकू बांधवांच्या खांद्याला खांदा लावून हा ठराव करा. सपाटीवरच्या प्रत्येक गावाने त्याला जोड द्यावी.

तोवर त्या म्हातारीने उपाशी राहावे काय? नाही. खरा दाखला देऊन जिचे अनुदान गेले, तिचे महिन्याचे १,५०० रुपये त्या गावच्या विहाराने द्यावेत. जयंतीच्या मंडपाची एक कमान कमी झाली तरी चालेल. आणि ज्यांना दरमहा पगार मिळतो, त्यांनी त्या दानाची सुरुवात करावी. सत्य सांगण्याचा सर्व भार सर्वांत गरीब बाईवर टाकून आपण शीलाच्या गोष्टी सांगू लागलो, तर ते शील तिचे असेल, आपले नव्हे.

जय भीम.