रुपयाची कड

कलकत्त्याच्या गार्डन रीच भागात रेल्वेची मुख्य कचेरी आहे. नागपूर आणि कलकत्ता यांना जोडणाऱ्या जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचा कारभार येथूनच चाले. त्या निमित्ताने तिकडे स्थायिक झालेल्या एका नागपूरकर गृहस्थांकडे आजेसासूबाईंच्या पितळी डब्यात फारसी अक्षरांचे तीन रुपये निघाले. घरात बारसे होते. हे रुपये आटवून बाळाला चांदीची वाटी करावी, असा बेत ठरत होता. सराफाने तिन्ही नाण्यांना वजनाचाच भाव सांगितला, कारण तिन्हींवर छाप एकच आणि सनही एकच, १९!

वाचकहो, येथे घाई करू नये. हा १९ म्हणजे बादशाह शाह आलम याच्या कारकीर्दीचे एकोणिसावे वर्ष, सुमारे इ. स. १७७८. परंतु नाणी त्या साली पडलेली असतीलच असे नाही. पूर्वी दर वर्षी नवा सन घालीत आणि जुन्या सनाच्या रुपयावर सराफ बट्टा कापीत. दुसऱ्या वर्षी शेकडा तीन, त्यापुढे शेकडा पाच. चांदी तीच, वजन तेच. तरी गरिबाच्या पदरचा रुपया वर्षागणिक हलका होई. ‘नावाला बट्टा लागणे’ या आपल्या वाक्प्रचारातही हाच शब्द आहे. हा जाच थांबावा म्हणून १७९३ च्या कायद्याने सन १९ कायमचा गोठविण्यात आला. पुढे चाळीस वर्षे कलकत्त्याच्या टांकसाळीत पडलेल्या शिक्का रुपयांवर तोच सन आणि टांकसाळीचे नावही मुर्शिदाबादच राहिले.

मग नाण्याचे खरे वय ओळखावे कसे? त्याची कड पाहून. १८१८ पर्यंतच्या रुपयांच्या कडेवर तिरप्या रेघा असतात. त्यानंतरच्या रुपयांवर त्या उभ्या आहेत. १८३० च्या सुमारापासून पुढील रुपयांची कड सपाट आहे. ताजवा हाताशी असेल तर आणखी एक खूण सापडते. तिरप्या रेघांचा रुपया सुमारे ११·६ ग्रॅम, तर उभ्या रेघांचा सुमारे १२·४ ग्रॅम भरतो. म्हणून जुना रुपया झिजला असे समजू नये. त्यात भेसळ कमी होती. शुद्ध चांदी दोहोंत सारखीच आहे.

१८३५ नंतरच्या कलदार रुपयांची पाहणी वेगळी. तेथे साच्यातील लहान फरक शोधावे लागतात. १८४० च्या राणीछाप रुपयावर नावाची अक्षरे एका प्रकारात डोक्यावरून सलग फिरतात, तर दुसऱ्यात दोन भागांत विभागलेली असतात. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. त्यावरून गवगवा झाला. बहुतेक नाणी परत घेऊन आटविली गेली आणि १९१२ मध्ये सोंड सुधारली. १९१८ च्या रुपयाची कथा तर सातासमुद्रांपलीकडची आहे. महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकेने सुमारे सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर आटविले. त्यांतील बहुतेक चांदी आपल्या नाण्यांसाठी ब्रिटनला विकली. तेव्हा आजीच्या डब्यातील एखाद्या रुपयात डॉलरही विरघळलेला असू शकेल!

कडेवरील प्रत्येक व्यंग मात्र टांकसाळीचे नसते. साच्याला तडा गेला तर नाण्यावर उठावदार रेघ उमटते. खोलगट रेघ दिसली तर तो बहुधा नंतरचा ओरखडा. कडेला एके ठिकाणी डाग व रेघा बुजलेल्या आढळल्या तर हारात ओवण्यासाठी तेथे कडी डाकविलेली असावी. कडेवर सभोवार सांधा दिसला, तर नाणे ओतीव, म्हणजे बनावट असण्याचा संभव मोठा. १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आणली, तेव्हा नकला ओळखता याव्यात म्हणून कडेच्या मधोमध खास खाच घालण्यात आली. त्या सालच्या रुपयावर ती नसेल तर सावध व्हावे.

पाहणीसाठी एक भिंग, लहान ताजवा आणि खिडकीतला उजेड एवढे पुरे. नाणे कडेने धरावे. चिंच, राखुंडी किंवा लिंबू मात्र लावू नये. चकाकी येते आणि खुणा जातात.

गार्डन रीचच्या त्या तीन रुपयांपैकी एकाची कड तिरप्या रेघांची, एकाची उभ्या रेघांची आणि एकाची सपाट निघाली. वाटीसाठी बाजारातून चांदी आणली गेली. रुपये पुन्हा डब्यात गेले, पण या वेळी प्रत्येकासोबत त्याचा काळ लिहिलेली चिठ्ठी आहे. बाळ मोठे होऊन ती वाचील, तेव्हा पणजीच्या ठेवीचे मोल त्याला वजनाबाहेरही कळेल.