दगडावर नसलेली पुस्तकं

यंदा मे महिन्यात मावशी मुंबईहून आली होती. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेली. "राजवाडे पुष्कळ झाले, आता एखादी लेखिका दाखव," म्हणाली. गाडी काढली आणि एका दिवसात दोघींकडे जाऊन आलो. विंचेस्टरला जेन ऑस्टिन, बोर्नमथला मेरी शेली.

काळ एकच, पण आयुष्यं किती निराळी! जेन (१७७५–१८१७) धर्मोपदेशकाची मुलगी. लग्न केलं नाही. आई-बहिणीबरोबर चॉटनच्या घरात राहिली, एवढ्याशा मेजावर लिहीत राहिली. मेरी (१७९७–१८५१) सोळाव्या वर्षी पर्सी शेली या विवाहित कवीबरोबर घर सोडून गेली. चारांपैकी तीन मुलं दगावली, चोविसाव्या वर्षी नवरा समुद्रात बुडाला. उरलेल्या मुलाला तिने लेखणीच्या आधारावर वाढवलं. सासऱ्यांची अट होती: पर्सीचं चरित्र छापलंस तर पैसे बंद. तिने १८३९ साली त्याच्या कवितांचं संपादन केलं आणि चरित्र टिपांमधून सांगून टाकलं!

नावाच्या बाबतीत मात्र दोघी सारख्याच. जेनचं पहिलं पुस्तक १८११ साली 'एका स्त्रीने लिहिलेलं' म्हणून आलं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने ११० पौंडांना विकले. हयातीत तिच्या एकाही पुस्तकावर तिचं नाव छापलं गेलं नाही. ती गेल्यावर, डिसेंबर १८१७ मध्ये, भावाने ते जाहीर केलं. लगेच १ जानेवारी १८१८ला 'फ्रँकेन्स्टाइन' आलं, तेही निनावी. पुष्कळांना ते पर्सीचंच वाटलं. मेरीचं नाव त्यावर आलं १८२३ साली.

विंचेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये जेनच्या दगडावर तिच्या स्वभावाचं, बुद्धीचं कौतुक आहे. पुस्तकांचा उल्लेख नाही. तो भिंतीवरच्या पाटीवर आला, १८७२ साली. बोर्नमथला मेरीच्या आईवडिलांच्या नावांपुढे त्यांची पुस्तकं कोरलेली आहेत. मेरी फक्त त्यांची मुलगी आणि पर्सीची विधवा.

मावशी बराच वेळ तिथे उभी होती. परतताना म्हणाली, "आईच्या ओव्यांची वही माझ्याकडे आहे. तिच्यावरही नाव नाही गं."

मुंबईला पोचल्यावर तिने फोटो पाठवला. वहीच्या पहिल्या पानावर, शाळेतल्या त्याच वळणदार अक्षरात, आजीचं पूर्ण नाव.

मंडळी, दिवाळीच्या आवराआवरीत अशी एखादी वही हाती लागली, तर आधी पेन शोधा.