पनीर पाण्यात, चीज कागदात

एप्रिल-मे महिन्यात जालन्याचा पारा ४० अंशांच्या वर जातो. सकाळी तापवायचं राहिलेलं दूध दुपारपर्यंत नासतं, हे अंबड-भोकरदनच्या मुलांना काय सांगायचं! मग त्याच दुधाचं चीज महिनोन्‌महिने कसं टिकतं? आणि त्याचंच भावंड असलेलं पनीर चार दिवसांत आंबट का होतं?

गोम आहे पाण्यात. जीवाणूंना वाढायला ओलावा लागतो. पनीरमध्ये निम्म्याहून जास्त पाणी, वर मीठही नाही. जीवाणूंची चंगळच! इटलीतलं पार्मेझान चीज वर्षभर किंवा त्याहून जास्त मुरवतात. त्यात जेमतेम एक तृतीयांश पाणी उरतं, शिवाय मीठ असतं. आपल्या दुकानातलं क्यूबचं किंवा स्लाइसचं चीज या दोघांच्या मधलं. ते बनवताना वितळवून तापवतात, म्हणून बंद पाकिटात गार जागी ते बरेच दिवस राहतं. पाकीट फोडलं की मात्र हवा लागते, हात लागतात.

म्हणून प्रत्येकाची सोय वेगळी. सुटं पनीर झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला आणि दोन-तीन दिवसांत संपवा. चीजला पाणी नको. ते बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. उघडं राहिलं तर कडा सुकतात आणि शेजारच्या चिरलेल्या कांद्याचा वासही ते ओढून घेतं! पिझ्झावरचं मोझरेला किसून फ्रीझरमध्ये ठेवता येतं. पनीर तिथे गेलं की त्यातल्या पाण्याचा बर्फ होतो, वीण मोडते आणि भाजीत त्याचा चुरा होतो. पराठ्यात चालेल.

आणि वीज गेली तर? फ्रिजचं दार सारखं उघडून बघू नका. दार बंद असेल तर आतला गारवा साधारण ४ तास टिकतो. त्यानंतरही वीज आली नाही, तर पनीर टाकून द्यावं. घरात कुणीतरी म्हणेलच, "अगं, चांगलं तळून घे, काही होत नाही." होतं! काही जीवाणू अन्नात जे विष सोडतात, ते तळून-उकळूनही जात नाही. मग उलट्या-जुलाब ठरलेले.

ज्यांच्या घरी फ्रिज नाही, त्यांनी माठावर भिस्त ठेवू नये. आपल्याकडच्या कोरड्या हवेत माठातलं पाणी छान गार होतं, पण फ्रिजइतकं नाही. त्यापेक्षा पनीर विकत न आणता दूधच आणा. मोठ्यांच्या मदतीने उकळा, लिंबू पिळा, फडक्यात बांधून दाबा आणि त्याच दिवशी खा. खाली उरलेल्या पाण्यात कणीक मळा, पोळ्या मऊ होतात.

आता एक करून पाहा. चीजचे दोन छोटे तुकडे घ्या. एक कागदात गुंडाळून डब्यात, दुसरा ताटलीत उघडा, दोन्ही फ्रिजमध्ये. चौथ्या दिवशी रंग, कडा आणि वास यांत काय फरक पडला, ते वहीत लिहून ठेवा.